बोंबलाची व्युत्पत्ती

विमलला बघायला पुण्याहून घैसास मंडळी येणार होती, आणि तिचे वडील अप्पा मास्तर मात्र ‘बोंबला!’ हा उद्गार मराठीत आला कुठून, या विवंचनेत होते. ‘अय्या’ आणि ‘इश्श’ यांचा निकाल त्यांनी कधीच लावला होता. ‘बोंबला’चं मूळ बोंबील माशात आहे, असा त्यांना दाट संशय होता. पण त्यासाठी मासा बघायला हवा, आणि कर्जतच्या ब्राह्मणआळीत तो कोण दाखवणार?

शेवटी स्टेशनाबाहेर सुकी मासळी विकणाऱ्या चंद्राबाईला त्यांनी गाठलं. बोंबलाचं तोंड सदा उघडं असतं, तर तो बोंब मारत असतो का, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

“त्यो कशाला बोंबलंल, मास्तर?” चंद्राबाई म्हणाली. “भाव सांगितला का गिऱ्हाईक बोंबलतंय.”

तरी तिने कागदात गुंडाळून थोडे बोंबील दिले. आता ते ठेवायचे कुठे? पत्नी उमाबाईंच्या नजरेतून घरात मुंगी सुटत नसे. उन्हाळ्यामुळे न्हाणीघरातली चूल बंदच होती. अप्पांनी पुडी तिच्यात लपवली आणि पाहुणे जाईपर्यंत संशोधन थांबवलं.

दुसऱ्या दिवशी घैसास सहकुटुंब घाट उतरून आले. त्यांचं सोवळं इतकं कडक की कांद्याचा वास आला म्हणून त्यांनी एक स्थळ मोडलं होतं. विमलला तर मुलगा एका लग्नात पाहिल्यापासून आवडलेला, त्यामुळे बिचारीचा जीव टांगणीला लागला होता. घैसासांनी आल्या आल्या स्नानाला ऊन पाणी मागितलं. उमाबाई लगबगीने न्हाणीघरात गेल्या आणि चुलीत आयता कागद दिसला म्हणून त्यालाच काडी लावली.

वास आधी माजघरात आला, मग ओटीवर. उमाबाईंनी भराभर उदबत्त्या लावल्या, तेव्हा तो नुसता सुगंधी झाला. विमलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेजारी कोणीतरी चामडं जाळत असावं, असं अप्पा चाचरत म्हणाले.

घैसासांनी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

“चामडं नव्हे हो, बोंबील आहे,” ते म्हणाले. “विस्तव कमी करा, करपतोय.”

घैसासांच्या पत्नीने सावकाश मान वळवली.

“तुम्हाला कसं कळलं?”

घैसासांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “मुलगी पसंत आहे. मुहूर्ताचं बोलू या, आत्ताच.”