हिरव्या ठिपक्यावर विश्वास नसलेले जनूकाका

जनूकाका कुणाच्याही घरात शिरले की आधी फ्रिजच्या पाठीवर हात ठेवतात. मग पाणी मागतात. आमच्याकडे नवीन फ्रिज आला तेव्हा आईने कौतुकाने त्याचा दिवा दाखवला, तर म्हणाले, "दिव्याचा काय सांगतंस, पानी दाव." आईने आतलं पाणी दिलं. ते गार निघालं, तेव्हा कुठे त्यांनी फ्रिजला मान्यता दिली.

आमचं गाव मुरबाडच्या पुढे, सिद्धगडाच्या बाजूला. काका तिथल्या नळयोजनेचे पंपचालक होते. निवृत्त झाले तरी लोक त्यांना पाणीवाले म्हणतात. मुरबाडला मोबाइल घ्यायला गेले, तेव्हा दुकानदार पडद्यावरच्या रेंजच्या दांड्या मोजून दाखवू लागला. काकांनी त्याला फोन लावून दाखवायला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने घाईत सासूबाईंना लावला, आणि त्यांनी पाऊण तास ठेवलाच नाही. काकांनी मोबाइल घेतला. तो दुकानदार मात्र काका दिसले की अजून आत जातो.

मी घरी बसून एआय एजंटांशी संबंधित एका लहान कंपनीचं काम करते. एआय एजंट म्हणजे सांगितलेलं काम आपल्या डोक्याने करणारा प्रोग्रॅम. पत्रं वाचतो, तक्ते भरतो, आणि ते करताना मागे आणखी दहा प्रोग्रॅम चालू करून ठेवतो. त्या सगळ्या गोतावळ्यावर नजर ठेवणारं साधन आमची कंपनी बनवते. कोण चालू आहे, कोण थांबलंय, कोण किती मेमरी खातंय, हे ते दाखवतं. चालू असेल त्याच्यापुढे हिरवा ठिपका. या साधनाची माहितीपुस्तिका लिहायची, हे माझं काम. पुस्तिका चाळीस पानांची, इंग्रजीत. छोट्या कारखान्यांतल्या ऑपरेटरांसाठी तिची पहिली चार पानं मराठीत करा, असं कंपनीच्या साहेबांनी सांगितलं.

काकांना समजलं तर जगाला समजेल, म्हणून मी त्यांना वाचून दाखवायला लागले. ते रोज चारच्या ठोक्याला येत, कोरा चहा घेत आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून ऐकत. एजंट म्हणजे काय ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. आमच्या सरपंचांचा भाचा असाच आहे म्हणाले, एका कामाला पाठवला की चार कामं उभी करतो.

तिसऱ्या पानावर गाडी अडली. वाक्य साहेबांचं होतं: हिरवा ठिपका म्हणजे एजंट व्यवस्थित काम करत आहे. काकांनी कप खाली ठेवला आणि हे कुणी बघितलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणी बघितलं नसेल, पण तसंच असतं.

मग त्यांनी मला त्यांची एक सकाळ सांगितली. मोटर चालू होती, पॅनेलवरचा दिवा हिरवा, आवाज नेहमीचा. विहिरीतलं पाणी उतरून गेलेलं आणि मोटर कोरडी फिरत होती. काका पंपघरात चहा पीत बसले होते. बाया रिकामे हंडे घेऊन दारात आल्या तेव्हा त्यांना कळलं. पाणी सोडलंय, असं त्यांनी सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलेलं होतं. त्या दिवसापासून ते टाकीवर चढून, पाणी पडताना बघून मगच बोलायचे.

मला राग आला, पण रागारागानेच मी करून बघितलं. एका एजंटला नसलेली फाइल शोधायला लावली. तो तासभर तेच ते दार ठोठावत राहिला, काम शून्य, आणि ठिपका हिरवागार. मी वाक्य बदललं: हिरवा ठिपका म्हणजे प्रोग्रॅम चालू आहे, एवढंच. काम होतंय का, ते तयार झालेली फाइल उघडून पाहा.

पानं साहेबांना पाठवली. दुसऱ्या दिवशी काका समोर असतानाच साहेबांचा फोन आला. असं लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल, ओळ काढा, नाहीतर दुसरं कुणी लिहील, असं म्हणाले. या नोकरीमुळेच मी गावात, आईजवळ राहू शकत होते. फोन स्पीकरवर होता. काका पुढे वाकले आणि म्हणाले, "साहेब, तुमी रिकामा हंडा घेऊन कवा रांगेत ऱ्हायलाव का?"

कोण बोलतंय ते साहेबांनी विचारलंसुद्धा नाही.

"ओळ राहील," मी म्हटलं. "नको असेल तर मला काढा."

दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पानं प्रसिद्ध झाली. ओळ होती तशीच होती.

चार वाजायची वाट न बघता मी सांगायला धावले. काकांच्या घरी मी कित्येक महिन्यांत गेले नव्हते. ओटीवर टीव्ही मोठ्याने चालू होता. स्वयंपाकघरात रेडिओ. मधल्या खोलीत रिकाम्या खाटेवर पंखा फिरत होता. काका मात्र मागच्या पायरीवर बसले होते, यातल्या कशाकडेही पाठ करून.

"तुझी काकी गेल्यापास्नं लावून ठेवतंय," ते म्हणाले. "आवाज असला का बरा वाटतो."

आमच्याच आळीत हे घर, आणि मी रोज बाहेरून आवाज ऐकून पुढे जात होते. ओळ राहिल्याचं सांगितलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मग जमिनीकडे बघत विचारलं, "मंग आता वाचायचा संपला गो?"

"संपतंय कुठलं," मी म्हटलं. "छत्तीस पानं बाकी आहेत. पाचवं आताच वाचू या."

काका उठले. आत जाऊन त्यांनी टीव्ही बंद केला, मग रेडिओ बंद केला आणि चहाचं आधण ठेवलं.

साहेबांनी मराठीत चारच पानं मागितली होती. बाकीची करू का, असं मी त्यांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही.