कविराज नोहा आणि छडीचा मान

ओबडाया फिंच यांनी त्या सकाळी उकडलेल्या अंड्याकडेही संशयानं पाहिलं. समोर चहाच्या कपाशेजारी एका पेनीचं चोपडं पडलं होतं. नाव ‘कविराज नोहा’, कवीचं नाव नाही. आठवड्यात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या आणि निम्मं लंडन ते तोंडपाठ म्हणत होतं.

फिंचसाहेब अकरा वर्षं महापुरातून प्राणी वाचवणाऱ्या बायबलातल्या नोहाच्या तारवावर बारा सर्गांचं महाकाव्य लिहीत होते. सातवा सर्ग चालू होता आणि अजून निम्मे प्राणी तारवात चढायचे होते. त्यामुळे ‘कविराज नोहा’ कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

“ऐक,” ते बायकोला म्हणाले आणि दातओठ खात वाचू लागले,

“मेजाखाली बोटे मोजी, मेजावरती प्रतिभा;
भट्टीत मोजे शेकून घेई, काय कवीची शोभा!”

“डॉर्कस, भट्टीत मी मोजे शेकतो, हे बाहेर कुणाला माहीत?”

“अहो, थंडीचे दिवस आहेत. सगळेच शेकत असतील,” डॉर्कसबाई म्हणाल्या. त्या सहाव्या सर्गाची स्वच्छ प्रत करत होत्या. फिंचसाहेबांचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. गेली अकरा वर्षं छापखान्यात जाणारा प्रत्येक कागद बाईंच्याच हातचा असे.

“सगळे नाही शेकत! घरात फितूर आहे. हा सगळा त्या ग्रबचा कट आहे.”

सायलस ग्रब हे फिंचसाहेबांचे हाडवैरी. दोघं एकाच ‘तीन कासवं’ कॉफीघरात रोज बसत आणि एकमेकांच्या काव्यावर इतरांना ऐकू जाईल इतक्या हळू बोलत. त्याच दुपारी फिंचसाहेब कॉफीघरात टेबलावर छडी आपटून गरजले, “हे ज्यानं लिहिलं, त्याला मी शनिवारी इथंच, सगळ्यांसमोर, या छडीनं फोडून काढीन!”

“नक्की या हं,” ग्रब म्हणाले. “मी पुढची खुर्ची धरून ठेवतो.”

हे ऐकून फिंचसाहेबांचा उरलासुरला संशयही फिटला. प्रश्न एवढाच होता, की ग्रबला बातम्या पुरवतं कोण? घरात ये-जा दोघांची. मोलकरीण पेग आणि रोज दाढी करायला येणारा न्हावी ह्यूगो. फिंचसाहेबांनी सापळा लावला. पेगला एकटीला गाठून ते कुजबुजले, “कुणाला सांगू नकोस. मला बदकांची भयंकर भीती वाटते.” ह्यूगोच्या कानात म्हणाले, “माझ्या पोटऱ्या खऱ्या नाहीत बरं का. मोज्यात लोकर भरतो मी.” दोन्ही गोष्टी धादांत खोट्या. जी छापून येईल, तिच्यावरून चोर सापडणार.

गुरुवारी दुसरं चोपडं निघालं.

“बदक दिसता भिंतीवरती चढुनी बसती कविराज,
पोटरीमधली लोकर म्हणते, पडू नको रे, राख लाज!”

फिंचसाहेबांनी पेगला आणि ह्यूगोला समोर उभं केलं. “दोघं! दोघंही सामील आहेत!”

“मी कुठं गेले न्‌ कुणाला सांगितलं, साहेब?” पेग रडकुंडीला आली. “मी फक्त बाईसाहेबांना विचारलं, की रविवारी बदक शिजवायचं का नको.”

“आणि मी पण बाईसाहेबांनाच बोललो,” ह्यूगो वस्तरा पुसत म्हणाला. “म्हटलं, साहेबांना गरम मोजे विणून द्या. लोकर भरून पाय सुजेल.”

“बाईसाहेबांचं नाव पुढं करता? निघा!”

दोघं निघाली. शुक्रवारी फिंचसाहेबांनी स्वतः दाढी केली आणि हनुवटीला तीन ठिकाणी कापून घेतलं. जेवायला करपलेला पाव होता, कारण डॉर्कसबाईंना लिहिण्यात वेळेचं भान राहिलं नाही. केसांच्या टोपाला पावडर लावायची राहिली ती राहिलीच.

शनिवारी ‘तीन कासवं’मध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. हनुवटीला कागदाचे कपटे चिकटवलेले फिंचसाहेब छडी घेऊन मधोमध उभे राहिले. त्यांनी प्रकाशक टिबटला मुद्दाम बोलावून घेतलं होतं.

“टिबट, सगळ्यांसमोर सांगा. ही घाण कुणाची?”

टिबट गोंधळले. “साहेब, नाव फोडायचं नाही अशी चिठ्ठी होती.”

“मी सांगतोय, फोडा!” फिंचसाहेबांची नजर ग्रबच्या पाठीवर होती. मारायची जागा त्यांनी हेरून ठेवली होती.

“बरं, तुम्हीच म्हणताय तर.” टिबटनं कोटातून हस्तलिखित काढून वर धरलं. “मंडळी, हे अक्षर मी अकरा वर्षं ओळखतो. कागद यांच्या पेगनंच आणून दिला. हे फिंचसाहेबांचं स्वतःचं काव्य आहे!”

फिंचसाहेबांनी कागद पाहिला. ‘क’चा तो डौल, ओळीखालची ती नाजूक रेघ. छडी धरलेला हात आपोआप खाली आला.

आणि कॉफीघर टाळ्यांनी दणाणलं.

“स्वतःचीच टोपी उडवली! काय काळीज हवं!”

“आणि आठवडाभर छडी नाचवत फिरले बघा! काय सोंग वठवलं!”

“हो, पण शब्द म्हणजे शब्द,” मागून कुणीतरी ओरडलं. “फोडून काढायचं होतं ना? काढा की!”

फिंचसाहेबांनी चौफेर पाहिलं. खरं सांगावं, तर कॉफीघरभर बोभाटा होणार, की बायको आपल्याहून बरं लिहिते, आणि मोजे शेकण्यासारख्या घरातल्या गोष्टीही खऱ्या. त्यांनी घसा साफ केला, छडी उलटी धरली, स्वतःच्या पाठीवर तीनदा टकटक केली आणि कमरेत वाकून मुजरा केला. लोक बाकांवर उभे राहिले. नोहाचे सहा सर्ग मिळून त्यांना एवढी दाद मिळाली नव्हती.

घरी डॉर्कसबाई दिव्याची वात नीट करत होत्या.

“का?” फिंचसाहेबांनी एवढंच विचारलं.

“अहो, अकरा वर्षं मी प्राण्यांची यादी उतरवतेय. हत्ती चढेपर्यंत मी काहीतरी करायला नको?” त्या थांबल्या. “पहिलं नुसतं गंमत म्हणून पाठवलं होतं. तुम्ही इतके चिडाल असं वाटलं नव्हतं. मग सांगायचं धाडस होईना.”

फिंचसाहेबांनी छडी कोपऱ्यात उभी केली. “टिबटला तिसरं चोपडं गुरुवारपर्यंत हवंय,” शेवटी ते पुटपुटले.

“आधी पेगला आणि ह्यूगोला बोलवा. माफी मागून. तोवर एक ओळ लिहायची नाही मी.”

दोघं दुसऱ्याच दिवशी परत आली. ह्यूगो हनुवटीला मलम लावत होता, तेवढ्यात दार वाजलं. उंबऱ्यावर सायलस ग्रब, टोपी हातात, मान खाली.

“फिंच, एक विनंती होती,” ते आत येऊन हळूच म्हणाले. “दोन्ही चोपडी पुन्हा पुन्हा वाचली. माझा कुठंच उल्लेख नाही. लोक विचारायला लागलेत, की ग्रब म्हणून कुणी कवी आहे का शहरात. तिसऱ्यात मला घ्या ना. वाटेल ते लिहा. गाढव म्हणा.”

फिंचसाहेब छाती फुगवून नाही म्हणणार, तोच पडद्याआडून डॉर्कसबाई बाहेर आल्या. “बसा हो, ग्रबसाहेब. यांच्या नोंदी मीच ठेवते. झोपेत घोरता का? नाश्त्याला काय खाता? केसांचा टोप स्वतःचा की भाड्याचा?”

ग्रब मन मोकळं करत गेले. त्यांची मावशी, त्यांचा पडलेला दात, चोरलेली यमकं, सगळं निघालं. बाईंच्या लेखणीला उसंत नव्हती. एक पान भरलं, दुसरं भरलं.

फिंचसाहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांनी ग्रबकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग त्या दुसऱ्या पानाकडे.

“डॉर्कस,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “माझ्यावर एकूण किती ओळी होत्या गं?”