ओळ हलणार नाही!

"अर्ध्या तासाचं काम आहे!"

हे वाक्य जावईबापूंच्या जिभेवर कायम तयार असायचं. नळ गळतोय? अर्ध्या तासाचं काम! कपाटाचं दार लागत नाही? अर्ध्या तासाचं काम! नळ अजून गळतोय आणि दार आता उघडतही नाही, पण म्हणून माणसाचा आत्मविश्वास गळावा असं थोडंच आहे? शिवाय ते काही प्लंबर किंवा सुतार नव्हते. ते सॉफ्टवेअरवाले होते, आणि बायकोच्या भाषणाचा प्रश्न तर सरळसरळ त्यांच्या हद्दीतला होता.

बायको ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल. मुलांसाठी नवा वाचनकक्ष सुरू होणार होता आणि त्या समारंभात तिला बोलायचं होतं. भाषणं संपली की लगेच नव्या मुख्य ग्रंथपालाचं नाव ग्रंथालयाच्या अध्यक्षबाई जाहीर करणार होत्या. नावं दोनच चर्चेत होती आणि त्यांतलं एक हिचं. पुस्तकांच्या बाबतीत हिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण चार माणसांसमोर उभी राहिली की तोच हात असा थरथरायचा, की हातातल्या कागदानं पहिल्या रांगेला वारा लागावा!

"मी आपली कागदावरूनच वाचते," ती म्हणाली. "ओळीवर बोट ठेवलं की धीर येतो."

"बोट?" जावईबापू खुर्चीतून उठलेच. "अगं, घरात मी असताना तू बोट ठेवून वाचणार? बघच तू! तुझ्यासमोर पडदा उभा करतो. मोठी अक्षरं! जी ओळ वाचायची तिच्यावर पिवळी पट्टी! हातातलं बटण दाबलंस की पट्टी पुढच्या ओळीवर. आणि बाबांनी मोबाईलवर काही दुरुस्ती केली, तर ती तिथल्या तिथे पडद्यावर!"

"बाबांनी?" बायकोचा चेहरा उतरला. "बाबांना कशाला त्यात?"

बाबा म्हणजे सासरे. उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. निवृत्तीनंतर ते लेकीकडे राहायला आले; आता घरात छापखाना नव्हता, एवढंच. औषधाच्या खोक्यावरची चूक सापडेपर्यंत ते गोळी घेत नसत. शेजाऱ्यांच्या मुलीची लग्नपत्रिका आली, तर यांनी ती लाल खुणा करून परत पाठवली. शेजारी अजून बोलत नाहीत.

"नजरेखालून घालीन फक्त," सासरे नम्रपणे म्हणाले, आणि बायकोनं कपाळाला हात लावला.

रंगीत तालीम बैठकीच्या खोलीत झाली. पडदा लागला, पट्टी उजळली, सासरे मोबाईल घेऊन आतल्या खोलीत बसले. बायकोनं सुरुवात केली. "सर्वांना सप्रेम नमस्कार. आज या वाचनकक्षाचं दार उघडताना..."

आतून सासऱ्यांनी एक स्वल्पविराम टाकला. मजकूर ताजा झाला आणि पट्टी टुणकन उडी मारून थेट पहिल्या ओळीवर!

"सर्वांना सप्रेम नमस्कार," बायकोनं वाचलं. थांबली. पुन्हा खाली आली. आत एक वेलांटी दीर्घ झाली. पट्टी पुन्हा वर!

"सर्वांना सप्रेम... अरे, मी किती वेळा नमस्कार करू? लोकांना वाटेल, ही मतं मागायला आलीय!"

"अर्ध्या तासाचं..."

"बोलू नकोस ते वाक्य!"

जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. दुखणं त्यांनी चुटकीसरशी ओळखलं. मजकूर नव्यानं भरला की पडदा आधी कुठे होता, हे विसरत होता. मग त्याला आठवण ठेवायला शिकवायचं! पट्टी कितव्या ओळीवर आहे तो आकडा आधी टिपायचा, मजकूर ताजा करायचा आणि पट्टी पुन्हा त्याच आकड्यावर आणून ठेवायची. झालं! पुन्हा तालीम घेतली. सासऱ्यांनी वेलांट्या बदलल्या, अनुस्वार उडवले, एक उद्गारचिन्ह दया येऊन परत ठेवलं. पट्टी तसूभरही हलली नाही!

"आता भूकंप झाला तरी ओळ हलणार नाही!" जावईबापूंनी जाहीर केलं.

"तरीपण बाबा, समारंभात त्या मोबाईलला हात लावायचा नाही हं," बायकोनं बजावलं.

"मी?" सासऱ्यांना भयंकर लागलं. "मी कशाला हात लावतोय?"

"अगं, लावू दे की!" जावईबापूंची छाती फुगली होती. "आपलं काम इतकं लेचंपेचं नाही!"

समारंभाला सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध अध्यक्षबाई, त्यांच्या शेजारी सासरे. जावईबापू मुद्दाम भिंतीशी उभे होते, कारण भाषण झाल्यावर लोक पडद्याबद्दल विचारायला येणार, तेव्हा बसून कसं चालेल? बायको व्यासपीठावर आली. हातात फक्त बटण, खांद्याला पर्स. तिला त्यांनी एकच मंत्र दिला होता. इकडे नाही, तिकडे नाही, पट्टी सोडून कुठे बघायचंच नाही!

आणि काय सांगावं, ती बोलायला लागली! आवाज खणखणीत. सासऱ्यांचा अंगठा मांडीवर हळूच हलला, एक अनुस्वार कमी झाला, पट्टी जागच्या जागी. जावईबापूंनी दुरून अंगठा उंचावला.

तिथेच सासऱ्यांची भीड चेपली. त्यांना वाटलं, सुरुवात जरा पाल्हाळिक झाली. आता सुरुवात बोलून झाली होती, लोकांनी ऐकली होती, टाळ्यासुद्धा पडल्या होत्या. पण प्रुफं तपासणाऱ्या माणसाला झालं गेलं असं काही नसतं. चूक दिसतेय तोवर ती आहे! त्यांनी वरच्या दोन ओळी काढून टाकल्या.

खालचा सगळा मजकूर दोन ओळी वर सरकला. पट्टी मात्र इमानदारीत आपल्या आकड्यावर ठाम. बायकोनं नुकतंच वाचलं होतं, "आपल्या अध्यक्षबाईंनी या वाचनालयासाठी..." पुढची ओळ होती, "दारोदार फिरून देणग्या मिळवल्या." तिच्यापुढची, "नाहीतर मागच्या वर्षी वाळवीनं". तिनं बटण दाबलं आणि या दोन्ही ओळी ओलांडून पट्टीवर जे आलं ते खणखणीत आवाजात वाचलं.

"...जुनी कपाटं आतून पोखरली होती!"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

जावईबापू वाकून वाकून पहिल्या रांगेपर्यंत गेले. "बाबा! वर होतं ते परत टाका! वर!"

"अं? वर टाकू?" सासरे कुजबुजले. लेकीचं काहीतरी बिनसलंय हे त्यांनाही कळलं होतं, आणि बापाचं काळीज शेवटी! त्यांनी काढलेल्या दोन ओळी परत टाकल्या, आणि वर आपल्या मनानं आणखी तीन भारदस्त ओळी घातल्या.

इकडे बायको घाम पुसत पुढच्या ओळीला भिडली होती. "वेळीच औषध मारलं, तेव्हा कुठं..." पुढे यायचं होतं, "बाकीची पुस्तकं वाचली." पण मजकूर आता पाच ओळी खाली घसरला होता. तिनं बटण दाबलं, मग पुन्हा दाबलं.

"...आपल्या अध्यक्षबाईंनी या वाचनालयासाठी दारोदार फिरून देणग्या मिळवल्या!"

मागच्या रांगेत कुणीतरी फुसकन हसलं, आणि मग सगळं सभागृह फुटलं. जावईबापूंना वाटलं, जमीन दुभंगावी. नाहीतर निदान वीज तरी जावी! गेलं, हिचं पद गेलं! इतक्या वर्षांची मेहनत, आणि ती आपण एका आकड्याच्या भरवशावर घालवली. त्यांना खरोखर रडू यायला लागलं.

बायकोनं पडद्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग मांडीवर मोबाईल झाकून बसलेल्या बापाकडे. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. तिनं बटण टेबलावर ठेवलं, पर्समधून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि ओळीवर बोट टेकवलं. बोट अजिबात थरथरत नव्हतं! इतका राग आला होता, की घाबरायला सवडच नव्हती.

"माफ करा," ती म्हणाली. "आमच्या घरी एक जण लिहिलेलं पुसतो आणि दुसऱ्याला पुसलेलं कळत नाही. या दोघांना मी रोज सांभाळते. त्यामानानं ग्रंथालय फारच सोपं आहे!"

हशा आणि टाळ्या! मग तिनं राहिलेलं भाषण वाचलं. मधेमधे मान वर करून, थांबून, लोकांच्या डोळ्यांत बघून. पुन्हा खाली पाहिलं की ओळ बोटाखाली असायची.

शेवटी अध्यक्षबाई माईकपाशी आल्या. जावईबापूंनी डोळे मिटून घेतले.

"मी वाळवीच्या वतीनं दोन शब्द बोलते," त्या म्हणाल्या. "कपाटं पोखरण्याचं काम मी आता थांबवतेय. कारण आजपासून त्यांची राखण आपल्या नव्या मुख्य ग्रंथपाल करतील!" आणि त्यांनी हात केला तो थेट बायकोकडे.

जावईबापूंनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की शेजारचा फोटोग्राफर दचकला. मग त्यांच्या लक्षात आलं, की पडद्याबद्दल विचारायला कुणीच येत नाहीये.

लोक पांगल्यावर तिघं व्यासपीठाशी उभे होते. "पोरी, छान बोललीस हो," सासरे म्हणाले. लगेच त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. "फक्त सुरुवातीला एक वाक्य हवं होतं."

"लिहा," बायको हसून म्हणाली. तिनं कागद त्यांच्यासमोर धरला. बोट अजून शेवटच्या ओळीवरच होतं. सासऱ्यांनी वरच्या कोऱ्या जागेत एक वाक्य लिहिलं, समाधान होईना म्हणून खाली दुसरं घुसवलं, मग पहिलं खोडलं.

जावईबापू त्या बोटाकडे टक लावून बघत राहिले. वर एवढी उलथापालथ झाली, आणि बोट होतं तिथेच. आकड्यावर नाही, शब्दांवर!

"अरेच्चा!" त्यांचे डोळे विस्फारले. "बाबा वर काहीही करोत, तुझी ओळ सुटतच नाही! हे... हे तू कसं जमवलंस?"

मुख्य ग्रंथपालांनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि पर्स खांद्याला अडकवली.

"त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "अर्ध्या तासाचं काम आहे!"