अर्धवट आलेली सायकल

सानवीला शर्यतीची सायकल घ्यायचं ठरलं, तेव्हा ती निवडायची कोणी, हा प्रश्न विमलाबाईंच्या घरात निघालाच नाही. त्या घरात बैल विमलाबाईंनी निवडले, आंब्याची कलमं त्यांनी निवडली, सून त्यांनी निवडली आणि मुलाला, म्हणजे सानवीच्या बाबांना, गुरुप्रसादला, मुंबईला कुठल्या खात्यात चिकटवायचं तेही त्यांनीच ठरवलं. त्यांची शाळा दुसरीत सुटली होती. पण त्यांचं म्हणणं असं, की दुसरीपर्यंत बाई जे शिकवत होत्या ते त्यांना आधीच येत होतं, म्हणून त्या उठून आल्या. गुरुप्रसादने मुंबईहून फोनवर एवढंच सांगितलं, की आई निवडेल ती घ्या. आईशी वाद घालून आजवर त्याचा फक्त घसा बसला होता.

सानवीने आजीला आधी नीट समजावून दिलं. शर्यती दोन तऱ्हेच्या. एक गवतावरची. मैदानातलं गवत बारीक कापायचं, चुन्याची लांबट गोल रेघ मारायची आणि तिच्याभोवती फेऱ्या. दुसरी पुण्याच्या ट्रॅकवरची, परातीसारखा काठ वर उचललेला पक्का रस्ता असतो तिथली. दोन सायकली घेणं काही जमणार नव्हतं. तेव्हा सांगाडा असा हवा, की त्यात गवतासाठी रुंद टायर बसेल आणि पुण्यासाठी बारीक. पुढची दातेरी चाकतीसुद्धा गवताला लहान, ट्रॅकला मोठी. आधी जिल्ह्याची गवतावरची शर्यत, रत्नागिरीत. तिच्यात पहिल्या दोघी येतील त्यांना पुण्याला नेणार, तिथंच ठेवून घेणार, शाळा आणि सराव दोन्ही तिकडे. सानवीचा सगळा जीव त्या दोन जागांत अडकला होता. आतापर्यंत ती शाळेत शर्यतीचा सराव घेणाऱ्या उमा मॅडमच्या जुन्या सायकलीवर शिकली होती, आणि ती सायकल वळणावर करकरायची.

रत्नागिरीत सलिलचं सायकलचं दुकान आहे. तिथं विमलाबाई शिरल्या त्या थेट सायकलीच्या मागच्या बाजूला गेल्या. जनावर मागून बघायचं, पुढून सगळीच चांगली दिसतात, असं त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. त्यांच्या वडिलांची जोडी चिखलातल्या नांगरणीच्या शर्यतीत उतरायची तेव्हा बांधावर माणसं मावायची नाहीत. बैल चिखलातून निघाले की त्यांच्या खुरांत काय अडकतं ते वडील आधी बघायचे, बक्षीस मागाहून. त्या आठवणीने विमलाबाईंचे डोळे दुकानातच जरा ओले झाले, आणि सलिलला वाटलं, की आजींना सायकल पसंत पडली.

पसंत पडली नव्हती. सलिलने आधी काढली ती लालभडक, पिसासारखी हलकी. विमलाबाईंनी चाक आणि दांडीच्या मधे बोट घालून बघितलं. बोट गेलं नाही.

"ह्यात गवत अडकणार," त्या म्हणाल्या. "दुसरी काढ."

दुसरी राखाडी, लोखंडी, दिसायला अगदीच गरीब. तिच्यात बोट गेलं, वर जागा उरली. मग टायर. सानवीने बारीक खाचांचा रुंद टायर हातात घेतला होता, पण आजी काय म्हणते याची तिला धाकधूक होती. विमलाबाईंनी तो अंगठ्याने दाबला आणि म्हणाल्या, की आश्विनातलं गवत वरून सुकलेलं दिसतं, खालून ओलंच असतं, हाच घे आणि हवा टिच्चून भरू नको. सलिलही तेच सांगणार होता. सानवीने दुकानातच आजीला मिठी मारली.

गोष्ट इथं संपली असती तर सगळ्यांचंच बरं झालं असतं. पण विमलाबाईंनी निघताना वळून एकदा सायकलीकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं, की हिला ब्रेक नाही. स्टँड नाही. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, साधी घंटीसुद्धा नाही. पेडलला मात्र पाय बांधायचे पट्टे.

"पाय कशाला बांधायचे रे? ते काय पळून जातायत?"

सलिल हसला आणि म्हणाला, ह्या जातीच्या सायकलीला एवढंच असतं, आजी. विमलाबाईंनी पैसे मोजले. परक्याच्या दुकानात घासाघीस करणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं. पण मनात त्यांनी त्या दुकानदाराला पुरता ओळखला.

सायकल जोडून टेम्पोने घरी यायची होती. मधल्या दिवसांत उमा मॅडम मुलींना गुहागरला घेऊन गेल्या, वाळूत पळवायला. तिथून मुली परस्पर मैदानावर येणार, सायकल आजीने आणायची. सानवीने फोनवर बजावलं, की आजी, सायकल आहे तशीच आण. विमलाबाई हो म्हणाल्या. त्यांच्या मते, आहे तशी म्हणजे असायला हवी तशी.

टेम्पोवाल्याने ती राखाडी सायकल भिंतीला टेकवून ठेवली. स्टँड नसल्यामुळे ती घसरली आणि तुळशीपुढे आडवी झाली. ते आडवं पडलेलं उघडं-वाघडं यंत्र बघून विमलाबाईंना आप्पांची सायकल आठवली.

आप्पा म्हणजे त्यांचे यजमान. वाडीतली पहिली सायकल त्यांची. हिरवी, चेनला पत्र्याचं कव्हर, पुढे दिवा, मागे कॅरिअर, मुठींना रंगीत झुबके. आप्पा तिला दर रविवारी खोबरेल चोळायचे, आणि विमलाबाई म्हणायच्या, की माझ्या डोक्याला उरलं तर ठेवा. संध्याकाळी पालीच्या बाजारातून ते निघाले, की डायनामोचा घुर्र आवाज चढणीवर लहान व्हायचा, उतारावर मोठा, आणि तो पाणंदीत शिरला की विमलाबाई तव्यावर भाकरी टाकायच्या. मग ब्रेकची एक लांब किंकाळी, स्टँडचा खट्ट आवाज. तो खट्ट झाला की घर पुरं व्हायचं. मासळी गार व्हायच्या आत माणूस पाटावर. तेव्हाची सायकल जायचीच मुळी परत येण्यासाठी. आता वाडीत सगळ्यांच्या दारात मोटारसायकली, आणि त्यांच्या आवाजावरून कोण आलं ते कुणालाच कळत नाही.

त्यांनी बाबू मेस्त्रीला बोलावणं धाडलं.

बाबू पालीच्या नाक्यावर पंक्चर काढतो, पंप दुरुस्त करतो आणि गणपतीत लायटिंग करतो. त्याने सायकलीभोवती फेरी मारली, जीभ टाळ्याला लावून चकचक केलं आणि चालवून बघतो म्हणाला. अंगणातून तो झोकात निघाला. गोठ्यापाशी आल्यावर सवयीने त्याने पाय थांबवले. पाय थांबले, पेडलं थांबली नाहीत. त्या सायकलीची पेडलं चाकाबरोबर फिरतच राहतात, ही गोष्ट त्याला तिथं, हवेत, कळली. तो शेणाच्या पाटीत जाऊन बसला.

"काकी, फसवलान तुमाला," तो तिथूनच म्हणाला.

त्याने मागची चाकती उघडून बघितली आणि निकाल दिला. सायकलीच्या फ्रीव्हीलमधे छर्रे असतात, म्हणून पाय थांबवला तरी चाक फिरतं. ह्या कंपनीने आत छर्रेच घातले नव्हते. अख्खा भरीव तुकडा बसवून मोकळे झाले होते.

विमलाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एका बाईमाणसाने, तेही पोरीसाठी, सायकल घेतली तर तिच्यात छर्रे घालायचे नाहीत? त्यांनी बाबूला हुकूम सोडला, की जे जे नाही ते ते घाल. टायरला मात्र हात लावायचा नाही, तो मी निवडलाय.

मग एकातून एक निघत गेलं. फ्रीव्हील घातल्यावर पाय उलटे दाबून थांबायची सोय गेली, म्हणून ब्रेक आलेच. ब्रेकला बसायला भोक नव्हतं, म्हणून लोखंडी पट्ट्या ठोकल्या. पट्ट्या आहेतच तर मडगार्डही त्यांनाच बसलं, पण टायर रुंद, त्यामुळे मडगार्ड छत्रीसारखं वर उभं राहिलं. तेवढ्या ओझ्याने सायकल पुढे झुकायला लागली, म्हणून मागे कॅरिअर. कॅरिअरच्या वजनाला साधा स्टँड पेलेना, म्हणून दुधवाल्यांच्या सायकलीला असतो तसा दुहेरी. हँडल खाली वळलेलं होतं. शिंगं पाडून उभं राहिलेलं जनावर विमलाबाईंना आवडत नसे, ते त्यांनी वर वळवून घेतलं. पेडलचे पट्टे काढून टाकले. शेवटी घंटी बसली, आणि नम्रताने, म्हणजे सुनेने, जरा भीतभीत विचारलं, की आई, हे सानवीला एकदा विचारायचं का.

"तिला काय विचारायचं? बघून खूश होईल ती."

शर्यतीच्या दिवशी टेम्पो मैदानावर लागला. सायकलीला झेंडूचा हार होता. विमलाबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर, बाबू मागे स्टँड धरून. उतरल्यावर विमलाबाईंनी आजूबाजूला बघितलं आणि त्यांचं मन कळवळलं. बाकीच्या पोरींच्या सायकलींना साधे ब्रेकसुद्धा नव्हते. एकीलाही घंटी नाही. त्या बाबूच्या कानात म्हणाल्या, की कशा परिस्थितीतून पोरी येतात बघ.

तेवढ्यात सानवी आली. ती धावत आली आणि अर्ध्या वाटेत थांबली. रडली नाही, ओरडली नाही. हाराच्या आत हात घालून तिने हळूच ब्रेक दाबून बघितला, मग मागचं चाक फिरवलं. चाक टिकटिक करत फिरलं, पेडल जागच्या जागी. सानवी खाली गवतात बसली.

"आजी," ती म्हणाली, "तूच निवडलेलीस ना गो ही?"

उमा मॅडमनी विमलाबाईंना बाजूला घेतलं. बाई समजूतदार, आवाज चढवला नाही. त्यांनी सांगितलं, की ह्या शर्यतीत सगळ्या एकमेकींच्या चाकाला चाक लावून पळतात. एकीने ब्रेक दाबला, की मागच्या सगळ्या तिच्या अंगावर. म्हणून ब्रेक कुणालाच नसतो. आणि चाकाबरोबर पाय फिरतात म्हणूनच वेग कमी-जास्त करता येतो. असली सायकल पंच रेघेवर उभीसुद्धा करू देणार नाहीत. सानवीच्या गटाची शर्यत तिसरी आहे, पहिल्या गटाची आता सुटतेय.

विमलाबाईंनी रेघेवरच्या सायकली एकदा बघितल्या, मग आपली.

"बाबू," त्या म्हणाल्या, "काय उभा ऱ्हायलायस? काढ सगळा."

बाबूने पाना काढला. घंटी निघाली, मडगार्ड निघालं, कॅरिअर निघालं. लोखंडी पट्ट्या बाबूने आपल्याच हाताने ठोकलेल्या, त्या निघता निघेनात. विमलाबाईंनी लुगड्याचा काष्टा खोचला, गवतात मांडी ठोकली आणि सायकल गुडघ्यांत घट्ट आवळून धरली, जशी अडलेली शेळी धरतात. दुसरी शर्यत सुटली. हँडल खाली वळलं. सानवी पट्टे बांधायला लागली. मग उमा मॅडमनी विचारलं, की मागची मूळची चाकती कुठाय.

बाबूने विमलाबाईंकडे बघितलं. विमलाबाईंनी पिशवीत हात घातला. शर्यत झाली की दुकानात जायचं, बिनछर्र्याचा तो तुकडा सलिलच्या गल्ल्यावर आपटायचा आणि चार माणसांत त्याची शोभा करायची, असा बेत करून त्या निघाल्या होत्या. तुकडा जुन्या परकराच्या फडक्यात गुंडाळलेला होता.

"ही घे," त्या म्हणाल्या. "जपून ठेवलीय मी. असल्या वस्तू हरवतात."

बाबू खोकला. त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की त्याचा खोकला बरा झाला.

सानवी रेघेवर सगळ्यात शेवटी पोचली. पंच शिट्टी तोंडात धरून तिचीच वाट बघत होते. सुटताना ती मागे राहिली, पहिल्या फेरीला मागेच, दुसऱ्या फेरीला मागेच. विमलाबाई चुन्याच्या रेघेला लागून तिच्याबरोबर पळायला निघाल्या आणि दोन स्वयंसेवकांनी त्यांना धरून बसवलं. मग पाण्याच्या टाकीकडच्या वळणावर, जिथं सकाळचं दव हटलं नव्हतं, तिथं पुढच्या मुलींच्या बारीक टायरांनी पकड सोडली. एक घसरली, दुसरीने तिला चुकवण्यासाठी बाहेर झोल घेतला. राखाडी सायकल मात्र गवताला धरून आतल्या बाजूने वळली, जशी काही रेघेनेच ओढून नेली. शेवटच्या फेरीत सानवीने एकीला गाठलं, मग आणखी एकीला. दुसरी आली.

टाळ्या पडल्या. विमलाबाईंनी शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, की टायर मी निवडलाय. मग पलीकडच्या बाईला सांगितलं. उमा मॅडमनाही सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, की हो आजी, टायरनेच तारलं. हे खरंच होतं, आणि बाकी सगळ्याने बुडवलं असतं हेही त्यात आलं, त्यामुळे विमलाबाईंना ते ऐकताना थोडं कमी बरं वाटलं.

परत येताना टेम्पोत बाबू एकटाच बोलत होता. सानवी आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिच्या केसांत गवत होतं. विमलाबाई एकेक काडी काढत बसल्या. पोरगी आता पुण्याला जाणार, दिवाळीला येईल, मेमधे येईल, पुढे पुढे तेवढीही येईल की नाही कुणास ठाऊक, हे त्यांना हातखंब्याच्या फाट्याच्या आसपास नीट कळलं.

जायच्या आधी ट्रॅकसाठी बारीक टायर आणि मोठी चाकती घ्यायची होती. विमलाबाई पुन्हा सलिलच्या दुकानात गेल्या. ह्या खेपेस त्या सायकलीच्या मागून बघायला गेल्या नाहीत. सानवी म्हणेल तो टायर, सानवी म्हणेल ती चाकती. दुकानात एक गृहस्थ लेकीसाठी सायकल बघत होते. त्यांनी त्या राखाडी सायकलीकडे बघून विचारलं, की हिला ब्रेक कसे नाहीत.

"ब्रेक कशाला?" विमलाबाई म्हणाल्या. "पुढच्यानं ब्रेक दाबलान तर मागच्यांनी जायचं कुठं? तुमाला यातलं माहीत नाय वाटतं."

सानवी दुसरीकडे तोंड करून हसली. सलिलला मात्र गेल्या खेपेची आजींची नजर आठवत असावी. त्याने स्वतःहून एक चकचकीत स्टँड काढला आणि सांगितलं, की हा दुकानाकडून भेट, घरी लावून ठेवायला बरा.

विमलाबाईंनी तो हातात घेतला, उघडून बंद करून बघितला, आणि परत त्याच्यापुढे सरकवला.

"नको. वजन होतं. पोरीला लांब जायचंय."

"लांब कुठं, आजी?" सलिल म्हणाला. "ट्रॅकवर गोल गोलच फिरायचं असतं."

"ता मला सांगू नको," विमलाबाई म्हणाल्या आणि सानवीच्या केसांत न राहिलेली गवताची काडी शोधायला लागल्या. "गोल फिरली तरी लांबच जातेय ती."