चोपडाजींच्या अंगात माता

बदली होऊन चंदीगडला आल्याला वर्षही झालं नव्हतं, तरी "मला हिंदीच काय, पंजाबीसुद्धा समजते!" असं सुलोचनाबाई ज्याला त्याला सांगत.

म्हणूनच मंगळवारी सकाळी शेजारच्या चोपडाभाभी औषधाच्या दुकानाकडे धावता धावता म्हणाल्या, "की दस्सां भाभीजी, इनको माता आई हुई है जी!" तेव्हा सुलोचनाबाईंनी अर्थ विचारलाच नाही. चोपडाजींच्या अंगात देवी आली!

देवीच्या दर्शनाशिवाय चहासुद्धा घ्यायचा नाही, हे त्यांचं रोजचं व्रत. आज तर देवी शेजारीच! खण, नारळ, तांदूळ घेऊन त्या निघाल्या. दार उघडंच, चौकटीला कडुनिंब. आत लाल रजईत चोपडाजी कुडकुडत होते. तोंडभर गुलाबी लेपाचे ठिपके. इकडची पद्धत असेल!

"अगंबाई, घुमताहेत!"

बाईंनी चोपडाजींना मळवट भरला, त्यांची ओटी भरली, पायांवर डोकं ठेवलं. "आई, माझ्या प्राचीचं बाळंतपण सुखरूप होऊ दे!" गरोदर लेक रविवारी डोहाळजेवणाला येणार होती. चोपडाजींनी कसाबसा हात वर केला. आशीर्वाद!

तेवढ्यात भाभी परतल्या. "हाय रब्बा! पीछे हटो जी! चिकनपॉक्स है!"

मंगळवारी चिकन? बाई आधी त्यानेच हादरल्या. मग इकडे कांजिण्यांनाच 'माता' म्हणतात हे कळलं आणि पायाखालचं अख्खं चंदीगड सरकलं! आपल्याला लागण झाली तर? लेकीला झाली तर? पोटातल्या बाळाला?

त्यांनी साताऱ्याला भावाला फोन लावला. "दादा, मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का रे?"

"शाळा बुडवायला तू रोज नवा आजार काढायचीस! त्यातला खरा कुठला, कोण लक्षात ठेवणार?"

बाई तडक दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई मात्र शांत होत्या. "आप भूल गईं, शरीर नहीं भूलता. खून की जाँच कर लेते हैं."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला : पॉझिटिव्ह!

बाईंनी खोलीत शिरून आतून कडी घातली. "अहो, प्राचीला कळवा, येऊ नकोस म्हणावं!" आतून हुंदके.

नवऱ्याने, अच्युतरावांनी, डॉक्टरीणबाईंना फोन लावून स्पीकर दाराला टेकवला.

"अरे जी, बीमारी नहीं, अँटीबॉडी पॉझिटिव्ह है! बचपन में हो चुकी है. शरीर ने तब जो चोर पकड़ा था, उसके पहरेदार आज भी खड़े हैं. बेटी को बुलाइए, बस चोपडाजी से दूर रखिए!"

कडी निघाली. अच्युतराव कपाळाला हात लावून म्हणाले, "धन्य आहे! तुझ्या रक्ताला लहानपणीचा विषाणू अजून ओळखू येतो, आणि तुला तापाने फणफणलेला शेजारी ओळखू येईना?"

डोळे पुसत सुलोचनाबाई हळूच पुटपुटल्या, "पण आशीर्वाद दिला हो त्यांनी!"