पाच नंबरला अकरा वाडगे

शिंचू शहरातल्या देवळामागच्या गल्लीत सु-ल्यान बत्तीस वर्षं मांसाच्या गोळ्यांचं सूप विकत होती, आणि दुकानात यंत्र म्हणावं असा एक पंखाच होता. नवरा फंग वन-शिंग निवृत्त होऊन घरी बसला तेव्हा हे त्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तळहाताएवढ्या बोर्डावर बसणारे संगणक बनवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. बाहेरून बटणाची हाक आली की संगणकाने हातातलं काम थांबवून ती आधी ऐकायची, हा तर त्याचा खास विषय.

दोन महिने खपून त्याने आठही टेबलांवर बटणं बसवली. एकदा दाबलं की एक वाडगा. बोर्ड स्वयंपाकघरात, तिथेच चिठ्ठी छापली जाणार. दारावर लाल आकड्यांची पाटी, एकूण किती वाडगे मागवले ते दाखवणारी. शनिवारी त्याने कंपनीतल्या चार जुन्या सहकाऱ्यांना मुद्दाम जेवायला बोलावलं.

त्यांतला चान यी-हुंग फंगच्या हाताखाली शिकून आता त्याच्याच खुर्चीवर बसत होता. पाच नंबरच्या टेबलावरचं बटण त्यानेच दाबलं, एकदाच. पाटीवर आकडा आला अकरा.

चूक कुठे झाली ते फंगला लगेच कळलं. बटण दाबलं की आतली धातूची पट्टी क्षणभर थरथरते आणि प्रत्येक थरथर बोर्डाला नवी हाक वाटते. ती गाळून घ्यायची असते, हे त्याने नव्या लोकांना शेकडो वेळा बजावलं होतं. स्वतःच विसरला होता.

बाकीच्या टेबलांनीही बटणं दाबली. आकडा एकशे त्रेचाळीसवर गेला. गल्लीतून जाणाऱ्यांनी तो वाचला, इथे काहीतरी खास असणार असं ठरवलं आणि देवळाच्या पायरीपर्यंत रांग लावली. सहकारी कौतुकाने माना डोलवत होते. फंग घाम पुसत आत पळाला.

चिठ्ठ्यांची शेपटी जमिनीवर लोळत होती. सु-ल्यान शांतपणे सूप ओतत होती.

"पाच नंबरला अकरा लिहिलेत," तो पुटपुटला.

"लिहिलेत की. पण एका दमात अकरा कोण मागतं? चिठ्ठ्या सलग निघाल्या की मी एकच वाडगा धरते. मध्ये थांबून निघाल्या की दुसरा. तुमच्या यंत्राला जरा घाई आहे, एवढंच."

तो बाहेर आला तेव्हा चान वाट बघत होता. पाटी काहीही म्हणो, कुठल्याच टेबलावर वाडगा कमी-जास्त आला नव्हता, हे त्याने हेरलं होतं.

"सर, हाका गाळायचं काम एकदम चोख झालंय. ते कुणी लिहिलं?"

'मी' हा शब्द फंगच्या ओठांपर्यंत आला होता. पण पडद्याच्या फटीतून सु-ल्यान एका पळीवर आठ टेबलं सांभाळताना दिसत होती, आणि ते बघून त्याचा ऊर भरून आला.

"बायकोनं," तो म्हणाला. "पाटीवरची चूक तेवढी माझी."

कुणी हसलं नाही. चानने चमचा खाली ठेवला आणि विचारलं, सोमवारी दोन नवे इंजिनियर हे काम बघायला पाठवले तर चालेल का. फंगने आत जाऊन निरोप सांगितला.

सु-ल्यानने मान वर केली नाही.

"येऊ देत. पण अहो, दोन म्हणजे दोनच ना? का बावीस येतील?"