इनासभाऊंनी निवडलेली रायफल

१९९८ च्या हिवाळ्यात, मस्कतमधल्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीचे सुपरवायझर इनास तुस्कानो यांनी मोठ्या शिकारीसाठी एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निवडली. निवडायला त्यांना नऊ वर्षं लागली. रायफल त्यांनी विकत घेतली नाही, हातातही धरली नाही. ज्यांच्यासाठी निवडली त्यांनीही ती घेतली नाही.

इनासभाऊ मूळचे वसईचे. ते, रत्नागिरीकडचा हनीफ मुकादम आणि मी असे तिघं मस्कतच्या दार्सैत भागात एका फ्लॅटमध्ये राहत होतो. हनीफ अल मवालेहच्या भाजी मार्केटात एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. मी रुवीतल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. फ्लॅटला बाथरूम एक होतं आणि त्या बाथरूमची कडी दार्सैतमधली सर्वांत गुळगुळीत कडी असावी. या विधानाची पडताळणी मी केलेली नाही, पण इनासभाऊ तिला दर गुरुवारी तेल देत असत, हे पाहिलेलं आहे.

बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे त्यांनी मला त्या कडीवरच समजावलं. "वर उचल. मागं ओढ. रिकामं काडतूस बाहेर. पुढं ढकल, खाली दाब. नवी गोळी आत. बस! यात बिघडण्यासारखं काहीच नाही, म्हणून मोठ्या जनावरासमोर हीच पाहिजे." बाथरूममध्ये गेल्यावर ते हा सराव आतून करत. बाहेर टॉवेल खांद्यावर टाकून हनीफ उभा असे.

"अंकल, वाघ पडला की नाय? मला ड्युटीला जायचंय."

"घाईनं चाप ओढला की जनावर जखमी होऊन पळतं," आतून उत्तर येई.

"माझं जनावर आता इथंच दारात सुटेल, अंकल!"

इनासभाऊंनी आयुष्यात कधीही शिकार केलेली नव्हती. बंदूक एकदाच चालवली होती, गावच्या सणाच्या जत्रेत, फुग्यांवर. एक फुगा फुटला. ज्यावर नेम धरला होता तो नव्हे. हे त्यांनी स्वतःच सांगितलं; या बाबतीत ते अत्यंत प्रामाणिक होते.

रायफलीचा विषय त्यांच्याकडे हॉटेलच्या पाहुण्यांमुळे आला. तेलकंपन्यांचे अमेरिकन इंजिनियर खोलीत मासिकं टाकून जात, ती चादरींबरोबर लॉन्ड्रीत उतरत. त्यांतली शिकारीची मासिकं इनासभाऊ घरी आणत, इस्त्री करून. चुरगळलेलं पान त्यांना वाचवत नसे.

नऊ वर्षांत त्यांनी बरंच ठरवलं होतं. कडीला जुन्या जर्मन पद्धतीची रुंद पकड हवी, कारण ती काडतुसाला सुरुवातीपासून धरून ठेवते, रायफल उलटी असली तरी सोडत नाही. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, अक्रोडाचा की फायबरचा, यात दोन वर्षं गेली. अक्रोड देखणा, पण दमट हवेत लाकूड हलतं आणि नेमही हलतो. म्हणून फायबर. फायबर ठरल्यावर चार दिवस ते उदास होते. नळी स्टेनलेस, मस्कतच्या खाऱ्या हवेत दुसरं टिकत नाही. दुर्बीण कमी शक्तीची, कारण झुडपातून जनावर अंगावर आलं तर मोठ्या दुर्बिणीत फक्त केस दिसतात.

"कोणत्या झुडपातून, अंकल?" हनीफ विचारी. "हितं खजुराशिवाय झाड नाय."

गाडं अडायचं ते कॅलिबरवर. कॅलिबर म्हणजे नळीचं भोक किती आणि त्यातून जाणारी गोळी केवढी. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी जनावर ठरवा, मग नळी." सांबर ठरवलं की तीस-शून्य-सहा पुरे व्हायची. ती नक्की होतेय असं वाटेपर्यंत त्यांना अस्वल आठवायचं. अस्वल म्हटलं की तीनशे मॅग्नम. मग गवा. मग तीनशे पंच्याहत्तर. शेवटी हत्ती येई आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"वसईला काय मिळतं त्याच्यावर ठरवा ना," हनीफ एकदा म्हणाला. "मुंगूस."

"मुंगसाला कॅलिबर नसतं," इनासभाऊ शांतपणे म्हणाले.

हेच वाक्य ते इतरांच्या खरेदीलाही लावत. हनीफनं प्रेशर कुकर घ्यायचं काढलं तेव्हा त्यांनी विचारलं, "समोर जनावर कोणतं?" "कोंबडी." "किती माणसं?" "आपण तिघं." "मग तीन लिटर. पाच लिटर म्हणजे नुसता धक्का." धक्का हा त्यांचा दुसरा लाडका विषय. गोळी पुढं जाते तेव्हा रायफल मागं येते आणि खांद्याला लागते. "लोक जनावराचा विचार करतात, खांद्याचा करत नाहीत," असं ते म्हणत आणि लॉन्ड्रीतली मोजपट्टी काढून आमचे हात मोजत. कोपरापासून चाप ओढायच्या बोटापर्यंत. दस्त्याची लांबी त्यावर ठरते. घरी आलेल्या पाहुण्यांचेही हात त्यांनी मोजले आहेत. माझा दस्ता साडेतेरा इंच. नोकरीच्या अर्जात ही माहिती मला कुणी विचारलेली नाही.

त्या हिवाळ्यात हॉटेलचे मालक टांझानियाला शिकारीला जाणार असल्याची बातमी लॉन्ड्रीत पोचली. मालकांना सगळे अर्बाब म्हणत. सत्तरीचे, जन्म टांझानियातल्याच झांझिबारचा, तरुणपणी ओमानला परतलेले. त्यांना रानरेडा मारायचा होता. रायफल तिकडेच घेऊन ठेवणार होते. कोणती, ते ठरत नव्हतं. मॅनेजर सहज बोलून गेला की आपल्या लॉन्ड्रीत एक माणूस आहे, त्याला यातलं सगळं कळतं. अर्बाबांनी इनासभाऊंना ऑफिसात बोलावलं आणि विचारलं: कुठली घेऊ? पुढच्या शनिवारी सांग.

त्या संध्याकाळी इनासभाऊ घरी आले ते थेट कॉटवर बसले. हनीफनं कोलंबीचं कालवण केलं होतं. ते जेवले नाहीत.

"अंकल, तुमची तर ईद झाली," हनीफ म्हणाला. "नऊ वर्षांचा अभ्यास. सांगून टाका एक नंबर, खलास."

"रानरेडा आहे, हनीफ. चुकला तर तो माणसाला सोडत नाही."

"मग मोठी सांगा. तोफ सांगा."

"मोठी सांगितली तर खांदा जाईल."

"अर्बाबचा खांदा जाईल. तुमचा व्हिसा तर राहील."

पुढचे दोन दिवस इनासभाऊंनी बाथरूमच्या कडीला हात लावला तो फक्त दार लावण्यापुरता. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, एवढं काय झालंय?

"पेपरवाले, मला कुणी विचारलं नव्हतं रे," ते म्हणाले.

"काय विचारलं नव्हतं?"

"काहीच."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. वसईला त्यांचं घर बांधून होत आलं होतं. पाया कधी खणला, ते त्यांना शुक्रवारी बायकोला करायच्या फोनवर कळलं. कौलं नको, स्लॅब टाकू, हेही फोनवर कळलं. मुलीचं कॉलेज, मुलाची लाइन, आईला कोणत्या डॉक्टरकडे नेलं, सगळं शुक्रवारी. "रोझी चांगलं करते. ती चुकत नाही. पण ती कळवते. विचारत नाही. विचारणार कशी? कार्ड संपतं." मग ते म्हणाले, "म्हणून आपलं हे एक ठेवलं होतं. यात घाई नव्हती."

मी पत्रकार असल्यानं यावर काही तरी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

अडचण अशी होती. तिकडच्या नियमाप्रमाणे रानरेड्याला तीनशे पंच्याहत्तरच्या खाली चालत नाही. तीनशे पंच्याहत्तरचा धक्का तीस-शून्य-सहाच्या साधारण दुप्पट. आणि अर्बाबांचा उजवा खांदा दुखतो, ही गोष्ट हॉटेलात फक्त इनासभाऊंना माहीत होती. अर्बाबांचे दिशदाशे, म्हणजे ओमानी पुरुष घालतात ते पायघोळ पांढरे झगे, हॉटेलच्या लॉन्ड्रीत धुतले जात. गेल्या वर्षभरात प्रत्येक दिशदाशाला आतून, उजव्या खांद्यावर, एकाच जागी मलमाचा तेलकट डाग असे. डाव्या खांद्यावर कधीच नाही. शिवाय उजव्या बाहीला घडीच्या खुणा कमी पडू लागल्या होत्या. तो हात वर जात नव्हता.

"डाग काढून धाडायचा," इनासभाऊ म्हणाले. "डागाबद्दल बोलायचं नाही. लॉन्ड्रीचा नियम आहे."

शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथं काय झालं याचे दोन वृत्तांत माझ्याकडे आहेत, एक इनासभाऊंचा आणि एक मॅनेजरचा. बोलणं हिंदीत झालं. पहिल्या भागावर दोघांचं एकमत आहे.

अर्बाबांनी विचारलं, कुठला नंबर?

इनासभाऊ म्हणाले, "अर्बाब, आधी जनावर बदला."

मॅनेजरच्या म्हणण्याप्रमाणे इथं त्यानं इनासभाऊंच्या पायावर पाय दिला. इनासभाऊंना ते आठवत नाही. ते बोलत राहिले. रानरेड्याला लागते ती रायफल या खांद्याला चालणार नाही. पहिली गोळी सुटेल, दुसरी सुटणार नाही, आणि रानरेड्याला दुसरी लागते. हरणावर जा. सात मिलिमीटर, हलकी काडतुसं, वजनदार रायफल, दस्ता तेरा इंच, मागं जाड रबर. मुलं हसतील, हसू द्या.

अर्बाबांनी विचारलं, "खांद्याचं तुला कुणी सांगितलं?"

"दिशदाशांनी."

इथं वृत्तांत वेगळे होतात. मॅनेजर म्हणतो, अर्बाब हसले. इनासभाऊ म्हणतात, त्यांना ठसका लागला. त्यानंतर अर्बाब म्हणाले की हे डॉक्टरला माहीत आहे आणि आता धोब्याला. मुलांना कळलं तर ते गाडीची चावी काढून घेतील. मॅनेजरला त्यांनी बाहेर पाठवलं, त्यामुळे पुढचं फक्त इनासभाऊंकडून आलेलं आहे. अर्बाबांनी स्वतः उठून दार लावलं. मग म्हणाले, तिकडे एक बहीण आहे, तिला भेटून खूप वर्षं झाली. नुसतं बहिणीला भेटायला जातो म्हटलं तर मुलं म्हणतात, तिलाच इकडे बोलवा. शिकारीला जातो म्हटलं की कुणी काही म्हणत नाही.

"मग शिकारीचंच सांगा," इनासभाऊ म्हणाले. "रायफल माझ्याकडे निवडलेली आहे. कुणी विचारलं तर नंबर सांगा."

अर्बाबांनी तो नंबर दोनदा म्हणून पाठ केला. इनासभाऊ निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, तुला काय पाहिजे?

त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, फोनवर रोझीबाईंनी कळवलं होतं की वरचा मजला झाला, पुढच्या आठवड्यात मिस्त्री जिना घेणार आहे. मी फोनच्या बूथबाहेर रांगेत उभा होतो. इनासभाऊ म्हणाले, "थांबव त्याला." पलीकडून काही विचारलं गेलं असावं. ते मोठ्यानं म्हणाले, "जिना कोण चढणार आहे? तू ना? मग मी येतो." कार्ड तिथं संपलं.

अर्बाबांकडे त्यांनी सुट्टी मागितली. ती मिळाली, पाळी नसताना.

"जिन्याला सुट्टी!" हनीफ म्हणाला. "अंकल, सुताराला नऊ वर्षं थांबवू नका."

"मिस्त्री आहे. सुतार नाही. जिना सिमेंटचा," इनासभाऊ म्हणाले आणि मोजपट्टी बॅगेत घातली.

अर्बाब फेब्रुवारीत टांझानियाला जाऊन आले. रायफल घेतली नाही. शिकारीबद्दल घरी काय सांगितलं, ते समजू शकलं नाही.

त्याच सुमारास मी सुट्टीवर होतो, म्हणून एक दिवस वसईला गेलो. घर रंगवून झालं होतं. वरच्या मजल्यावर जायला बांबूची शिडी लावलेली होती. रोझीबाईंनी चहा दिला. त्यांचे गुडघे दुखतात, हे त्या खुर्चीतून उठल्या तेव्हा दिसलं.

"कुठं आहेत इनासभाऊ?"

"चपला घालतायत. आम्हाला जायचंय," त्या म्हणाल्या. "काल खालच्या आळीतले जिने झाले, आज वरच्या आळीतले. मला प्रत्येक घरी नेऊन जिना चढायला लावतात. सात इंचाची पायरी बरी वाटते का, साडेसहाची? कठडा उजवीकडे पाहिजे की डावीकडे? लोकं चहा करतात. लग्न झाल्यावर जोडीनं घरोघरी नेलं होतं, त्यानंतर हे आत्ता."

"मग ठरलं का काही?"

"साडेसहाची बरी आहे. मी पहिल्याच दिवशी सांगणार होते." त्यांनी आत बघितलं आणि आवाज उतरवला. "त्यांना बोलू नका, भाऊ."

इनासभाऊ बाहेर आले, माझ्याशी हात मिळवला, मोजपट्टी खिशात घातली आणि रोझीबाईंना हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. दोघं वरच्या आळीकडे गेले.

सुट्टी संपवून इनासभाऊ ठरल्या दिवशी मस्कतला परतले. जिना ठरलेला नव्हता. मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा रोझीबाईंनी त्याला इनासभाऊ पुढच्या सुट्टीवर येतील तेव्हा यायला सांगितलं.